सहा खुणांची बरणी

तारापूरपासून मनोरपर्यंत दारू पारखणारी माज्यासारखी जीभ दुसऱ्या कुणाच्या तोंडात नव्हती. घरी मात्र त्याच जिभेला कालवणात मीठ हाय का नाय ते कळायचं नाय, आणि माजी बायको जानकी मुद्दाम चमचाभर कालवण हातावर देऊन हे चारचौघांत दाखवायची.

शिमगा जवळ आला की आमच्या किनाऱ्यावर दोन वास येतात. एक बोंबलाचा. तो काय, बांबूच्या वलांडीवर माळा टांगल्या की येणारच, त्या वासाला आमी वास म्हणतच नाय. दुसरा डोंगराकडचा. तिकडं मोहाची फुलं पडायला लागतात, आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडं वारा सुटतो, मतलई म्हणतात त्याला, त्या वाऱ्यावर तो गोड, जड वास येतो. लोक म्हणतात, वेड्या, मनोर कुठं आणि आपण कुठं, एवढ्या लांबून फुलाचा वास येतो काय? येत नसेल. मला येतो. मी उठून बसतो, चूळ भरतो, परत येऊन आडवा होतो.

यंदा जावई आला होता. त्यानं पिशवीतून बाटली काढली, रीतसर दुकानातली, वर सोनेरी कागद. म्हणाला, मामा, तुमी जुने पारखी, जरा बगून सांगा. मी बाटली उलटीसुलटी केली आणि म्हटलं, मला वाचता येत नाय, पण एवढं लिहिलंय म्हणजे काहीतरी लपवत असणार. सगळे हसले. मी पण हसलो. लोकांना हसवणं एवढंच मला चांगलं जमतं, बाकी हातात जाळं दिलं तर मासळीच्या आदी मीच त्यात सापडतो. जानकी नाय हसली. ती बोंबील पालटायला गेली.

मी उठून धर्माकडं गेलो. धर्मा माजा शेजारी, एकाच वर्षीचे आमी, एकाच होडीवर कितीतरी वर्षं काढली. त्याला दिसत नाय. ओट्यावर बसून नुसत्या बोटांनी जाळं विणतो आणि डोळेवाल्यांची जाळी चाचपून त्यांच्या चुका काढतो. शिमग्याच्या दिवसांत मी त्याच्याकडं रोज जाऊन बसतो. खूप बोलतो, ह्याची फजिती, त्याची फजिती, जास्त करून माजीच. जे बोलायचं ते बोलत नाय.

आमी तरुण होतो तेवा दारूबंदी होती. आताच्या पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं मी थापा मारतो. प्यायची तर डॉक्टरनं लिहून द्यायला लागायचं, की ह्याला दारू लागते. पण बंदी होती म्हणून कुणी तहानलेला होता असं नाय. नीरा म्हणून ताडावरून उतरवलेलं मडकं दुपारपर्यंत आपोआप ताडी व्हायचं, त्यात माणसाचा काय दोष, दोष उन्हाचा. आणि खाडीकडेच्या तिवरांत हातभट्ट्या लागायच्या. भट्टीची कशी निघेल त्याचा नेम नसायचा. कोण नवसागर जास्त टाकायचा, कोण आणखी काय काय. म्हणून पारखी लागायचा, आणि पारखी मी. कुणी नेमलं नव्हतं. फुकट मिळते म्हणून मीच मला नेमलं होतं.

करवंटीत थोडी ओतायची, काडी लावायची, डोक्यावरची टोपी काढून तिची सावली धरायची, कारण उन्हात तो जाळ दिसत नाय. पिवळा आला तर माल खराब. निळा आला तर बोट बुडवून जिभेला लावायचं, डोळे मिटायचे, लोकांना जरा ताटकळत ठेवायचं, आणि मग म्हणायचं, चोख. मी चोख म्हटल्याबिगर आमच्या आळीत पेले भरत नव्हते. मला जन्मात कुणी एवढा मान दिला नव्हता. शाळेत मी दोन दिवस गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच सांगितलं, बाबा, तू होडीवर जा.

त्याच वर्षांत तारापूरला मोठं काम सुरू झालं. अणूची वीज करणार म्हणायचे. अणू म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाय आणि त्याचंही माज्यावाचून काही अडलं नाय. लांबलांबची माणसं कामाला आली, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू यायला लागली. माणसं वाढली तशी तहान वाढली, तहान वाढली तशा भट्ट्या, आणि भट्ट्यांच्या मागं पोलीस. त्या शिमग्याच्या आठ दिवस आदी धाड पडली. तिवरांतली मडकी फोडली, होती नव्हती ती दारू खाडीत ओतली. त्या दिवशी चिखलातले निवटे मासे झुलत चालले होते आणि एक खेकडा तर चक्क सरळ चालत गेला, असं मी सगळ्यांना सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

तर आळी कोरडी. सकाळची ताडी तेवढी होती, ती माज्या पोटात होती. होळी पेटायला वेळ होता, ऊन अजून वाळूवर होतं, तेवा चिंतू आला. चिंतू सायकलवर बिड्या-बिस्किटं घेऊन कामगारांच्या झोपड्यांतून फिरायचा. त्या दिवशी सायकलला दोन पत्र्याचे डबे लटकत होते. कुठून आणले ते त्यानं सांगितलं नाय, आमी विचारलं नाय. लाकडाला चकाकी आणायचं जे स्पिरिट असतं, त्यात पाणी घातलेलं आणि वर संत्र्याची साल टाकलेली, हे मला पुढं डॉक्टरांकडून कळलं. तेवा एवढंच कळलं की शिमगा वाचला.

करवंटी आली. मी काडी लावली, टोपी धरली. असला जाळ मी आयुष्यात बगितला नव्हता. पिवळ्याचा ठिपका नाय. निळा, इतका निळा की असून नसल्यासारखा, हात जवळ नेला तेवाच कळलं की जळतंय. मी बोट बुडवलं, जिभेला लावलं. गोडसर. पातळ. आणि मागं काहीच नाय, रिकामं, घरात कुणी नसलं की हाक मारल्यावर जसं वाटतं तसं. जीभ म्हणाली, गोपाळ, थांब. हे मी आता रचून सांगत नाय, जीभ म्हणाली होती. पण समोर वीस-पंचवीस जण उभे, सगळ्यांची नजर माज्या तोंडाकडं, आणि तोंड आदीच चोख म्हणून मोकळं झालं होतं.

माजा मेव्हणा भास्कर तिथंच उभा होता. जानकीचा एकुलता भाऊ. त्यानं स्वतःची होडी बांधायला घेतली होती. फळ्या लागल्या होत्या, तेल पाजून झालं होतं, नाव तेवढं रंगवायचं होतं. काय नाव ठेवणार ते कुणाला सांगत नव्हता, जानकीनं खोदून विचारलं तरी हसायचा. दारूला तो फारसा शिवायचा नाय. पेला हातात घेऊन त्यानं माज्याकडं बगितलं.

“दाजी, बरी हाय ना?”

“चोख,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं ते.

मी स्वतः एकच पेला घेतला. सावधपणानं नाय. ताडीनं पोट तट्ट होतं, जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सगळ्यांची डोकी जड, सगळ्यांचे डोळे रंगानं लाल, त्यात नवल कसलं. दुपारच्या सुमाराला धर्मा घराबाहेर आला, समुद्राकडं तोंड करून उभा राहिला आणि मला म्हणाला, आज एवढं धुकं काय पडलंय रे? ऊन असं होतं की वाळूवर पाय ठरत नव्हता. मला वाटलं हा माजीच थट्टा करतोय. मी म्हटलं, धुकं नाय, तुज्या बायकोनं चूल पेटवलीय. लोक हसले. मग आणखी एकानं तेच विचारलं. मग भास्कर आला, भिंतीला हात लावत लावत. डोळ्यांपुढं दूध सांडल्यासारखं झालंय म्हणाला.

बायकांना वाटलं, रंग गेला डोळ्यांत. त्यांनी सगळ्यांना वलांडीच्या सावलीत ओळीनं बसवलं आणि शहाळी फोडून डोळ्यांत पाणी घातलं. एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन, फुंकर मारून. किती शहाळी फोडली त्याला हिशोब नाय. दुसऱ्या गावात कदाचित कुणी वैद्याला बोलावलं असतं. आमच्याकडं धुळवडीला डोळे गेले तर तो रंगच असतो. असं डोळे धुण्यात दुपार गेली. संध्याकाळी आळीतला काशिनाथ तात्या ओकता ओकता आडवा झाला तो उठलाच नाय, तेवा कळलं की हा रंग नाय.

ज्यांच्या वाट्याला घोट-दोन घोट आले होते ते डोकं धरून सुटले. बाकीच्यांना रस्त्यावर आणलं. दगड वाहणारा एक ट्रक येत होता. ड्रायव्हर परमुलखातला. त्यानं वाळूवर झोपवलेली माणसं बगितली, दगड तिथंच ओतले आणि “चढाओ भाई, जल्दी” एवढंच म्हणाला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. वाटेत आणखी एक गेला. दवाखान्यात पोचले ते सहा.

दवाखाना लहान. डॉक्टर तरुण, चष्म्याचे. त्यांनी एकेकाच्या तोंडाचा वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, काय प्यालात ते विचारलं. मग जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं ह्यांनीच घेतलीय. म्हणाले, ह्या विषावर उतारा म्हणजे दारू. चांगली, खरी दारू. ती पोटात असली तर हे विष अंगात चढत नाय. त्यांच्या कपाटात थोडी होती, ती त्यांनी सहा जणांत पुरवून पुरवून सकाळ आणली. पालघरला माणूस धाडला होता, पण तो परत यायला दुपार टळली असती. आणि आमची भट्टीची, ती तर आठ दिवसांपूर्वीच निवट्यांना पाजलेली.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, आसपास खात्रीची कुठे मिळेल? सगळे माज्याकडं बगायला लागले. मी म्हटलं, मनोरच्या अलीकडं पाड्यावर लखमी मोहाची काढते, तिच्यात खोट नाय.

“तुला खात्री?”

आदल्या दिवसापर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पायांवर उभा होता असा मीच एक होतो, म्हणून मला धाडलं.

त्यांनी काचेची मोठी बरणी दिली, बुचाची. दवाखान्यात बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी लावायचे ना, एक खूण म्हणजे एक वेळचं औषध, तशी लांब पट्टी कातरून बरणीला चिकटवली. सहा माणसं, सहा खुणा. भरून आण म्हणाले. आणि एक चिठ्ठी लिहून दिली, ह्या माणसाला दारू नेऊ द्यावी म्हणून. जन्मभर पोलिसांना चुकवून प्यालो, आणि त्या दिवशी शिक्क्याची चिठ्ठी टोपीत घालून, कंपाउंडरच्या सायकलवर बसून, राजरोस दारू आणायला निघालो. रस्त्यात हवालदारानं अडवलं. चिठ्ठी वाचली, माज्याकडं बगितलं, परत वाचली, आणि सायकलला मागून हात लावून चढ चढवून दिला.

निघताना भास्करनं माजा हात चाचपून धरला होता. “दाजी, लवकर या,” म्हणाला. बोटं थंड होती.

पाड्यावर लखमी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. पिवळट, ओलसर, त्यावर मधमाश्या. तिला सांगितलं. ती आत जाऊन मडकं घेऊन आली. पोराच्या लग्नाची ठेवलेली होती. तिनं आदी चार थेंब भुईवर सांडले, देवांचे. मग स्वतः एक घोट घेतला, माज्या डोळ्यांदेखत गिळला, आणि मग मडकं माज्यापुढं केलं. तिच्याकडं ती रीतच होती, देणारा आदी पितो.

“तुमाला ज्यानं दिली तो प्याला काय?” तिनं विचारलं.

मी आठवून बगितलं. चिंतू पेले भरत होता, हसत होता, डबे रिकामे झाले तसा सायकलवर टांग टाकून गेला. प्याला नव्हता. वीस-पंचवीस जणांत एकाच्याही ध्यानात आलं नाय. पुढं तो पोलिसांना सापडला नाय, आमाला दिसला नाय.

“तुमी बंदरपट्टीवाले लय शहाणे,” लखमी म्हणाली. “जाळ बगता. माणूस नाय बगत.”

बरणी सहा खुणांपर्यंत भरली. मी चाखली. चाखायलाच पायजे होती, पारखी ना मी. चांगली होती. इतकी चांगली होती की लाज वाटली.

पिशवी सायकलच्या दांडीला बांधून निघालो. आदल्या दिवसापासून पोटात थेंब नव्हता आणि हात असे थरथरत होते की हँडल एकीकडं आणि मी एकीकडं. मी मला म्हटलं, गोपाळ, तू पडलास तर बरणी फुटेल, सहा माणसं मरतील. हात स्थिर पायजे. एक घोट, हातांसाठी. बगा, कसं डोकं चालतं माजं. सूर्या नदीपाशी हातांसाठी घेतला. पुढं एका चिंचेखाली पायांसाठी. मग ऊन होतं म्हणून. मग भास्करची थंड बोटं आठवली, ती आठवू नयेत म्हणून. दर वेळी बरणी उजेडात धरून खूण बगायचो. दारुड्याला मोजता येत नाय म्हणतात. मला अक्षर येत नाय, पण त्या दिवशी मी बरोबर मोजत होतो. सहाच्या चार झाल्या तेवा बूच गच्च बसवलं. उरलेला रस्ता मी रडत आलो असं सांगितलं तर बरं दिसेल. मी गात आलो.

पोचलो तेवा ऊन डोक्यावर होतं. डॉक्टरांनी बरणी उजेडात धरली.

“सांडली,” मी म्हटलं. “खड्ड्यात बूच उडालं.”

त्यांनी नखानं पट्टी खरवडून काढली आणि चारांचे सहा करायला घेतले. कसे केले ते त्यांनाच ठाऊक. मला म्हणाले, एकेकाला धरून पाज. मी पाजली. भास्करला पाजली, ती अर्धी गालावरून गेली. धर्माला पाजली, त्याच्या तोंडाशी वाकून, डोकं हातावर घेऊन. मग व्हरांड्यात येऊन बसलो. रिकाम्या बरणीच्या तोंडावर एक माशी बसत होती, उडत होती, परत बसत होती. ती माशी मला आठवते. तिचे पाय आठवतात. बाकीचं नाय.

भास्कर दुपारी गेला. पालघरचा माणूस आला तेवा त्याच्यावर चादर होती. धर्मा राहिला, डोळे राहिले नाय. बाकीचे चौघे घरी आले.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं आणि डोळ्यांत बॅटरी मारली. तूही ती प्याला होतास का, विचारलं. एक पेला, मी म्हटलं. त्याआधी काही? ताडी. आणि आज? मी रिकाम्या बरणीकडं बगितलं. त्यांनी बॅटरी बंद केली.

“तुझं औषध तू वाटेतच घेतलंस,” ते म्हणाले. “म्हणून तुला दिसतंय.”

मी विचारलं, साहेब, पुऱ्या सहा खुणा असत्या तर? त्यांनी चष्मा पुसला. सांगता येत नाही, म्हणाले. एवढं एकच उत्तर मला मिळालं. ते मी इतकी वर्षं चघळतोय, त्याला चव नाय.

जानकी भावाच्या पायांशी बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. तिनं माज्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, बाजारात कापड बगतात तशी.

“दोन खुणा सांडल्या,” ती म्हणाली, “आणि शर्ट कोरडा हाय.”

ह्यावर ती परत कदी बोलली नाय. भांडली नाय, माहेरी गेली नाय. फक्त हातावर कालवण देऊन मीठ विचारायची, ते बंद झालं. अजून बंद हाय. समोर येतं ते मी जेवतो.

मग माजा उपचार झाला. डॉक्टर म्हणाले, तुला एकदम तोडली तर तू मरशील, मापानं कमी करू. सरकारी कागदावर माजं नाव लिहिलं. शाळेच्या पटावर दोन दिवस लागलं होतं, त्यानंतर हेच. व्यसनी, गोपाळ. रोज सकाळी व्हरांड्यात जायचं, औंसाच्या ग्लासातून मोजून मिळायची, आणि दर थोड्या दिवसांनी एक रेघ खाली. त्या काचेवरच्या रेघांकडं मी असा बगायचो जसा होडीचा तांडेल ताऱ्याकडं बगतो. आळीतले आणखी तिघे यायचे माज्यासोबत, बाकावर ओळीनं बसायचो, कुणी कुणाशी बोलायचं नाय. त्यातले दोघे टिकले.

घरी आलो की जानकी जाळ्याच्या दोरीनं माजा पाय खाटेला बांधायची. गाठ अशी मारायची की तांडेलाच्या हातालाही सुटली नसती. पेज पाजायची. अंग थरथरायचं, अंथरूण भिजायचं. एक दिवस दुपारी भिंतीवरून खेकडे उतरायला लागले. मोठाले, चिंबोऱ्या म्हणतो आमी तसले. आणि सरळ चालत होते. तिरके नाय, सरळ, रांगेत, माज्याकडं. मी ओरडलो, खेकडे सरळ चालतायत. शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं ह्याची जुनी गोष्ट सुरू झाली, आणि हसले. जानकीनं त्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि सुपानं भिंत झाडली. दिसत काही नव्हतं तिला. तरी झाडली, खालपर्यंत, कोपऱ्यासकट. तेवा मला रडू यायला पायजे होतं. आलं नाय. आतलं सगळं त्या स्पिरिटसारखं होतं, जळतंय का नाय ते हात लावल्याबिगर कळत नव्हतं.

लोक म्हणतात, गोपाळनं दारू सोडली, मोठं काळीज त्याचं. खोटं हाय. पाऊस यायच्या आदीच भट्ट्या परत लागल्या. पण मला कुणी देईना. मी दिसलो की लोक पेल्यावर हात ठेवायचे. एकदा मी नुसता खाडीच्या कडेनं खडकावरची कालवं काढायला चाललो होतो, तर भट्टीवाल्यानं मला बगून विस्तवावर पाणी ओतलं. आणि त्यानंतर कुणी करवंटी पेटवून बगितली नाय. माल आला की आणणाऱ्याला म्हणायचे, आदी तू पी. लखमीची रीत आमच्या आळीत आली ती अशी. ती मी आणली असं म्हणायचं तर म्हणता येईल. मी म्हणत नाय.

भास्करची होडी दोन पावसाळे वाळूवर पडून होती. मग विकली. घेणाऱ्यानं तिच्यावर आपल्या मुलीचं नाव रंगवलं. मला वाचता येत नाय, पण ते भास्करच्या मनातलं नाव नाय एवढं मला लांबून कळायचं.

तर यंदा जावयाची बाटली तशीच टाकून मी धर्माच्या ओट्यावर येऊन बसलो. मतलई कदीच पडला होता, समुद्राकडचा वारा सुरू झाला होता, वलांडीवरचे बोंबील एकमेकांवर आपटून कडकड वाजत होते. धर्माची सुई जाळ्याच्या घरात जात होती, बाहेर येत होती. मी त्याला आदी जावयाची गोष्ट सांगितली. तो थोडं हसला. मग माज्या तोंडातून निघून गेलं. मी ठरवून आलो होतो असं नाय. ठरवून मला काही जमत नाय.

“धर्मा, ती बरणी सांडली नव्हती. मी प्यालो होतो. दोन खुणा.”

सुई थांबली नाय. मी वाट बगत राहिलो. वाटलं शिव्या देईल, रडेल, निदान हातातलं खाली ठेवेल. मी रडायची तयारी केली होती, कदी नव्हे ते डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ओळ पुरी केली, गाठ दातानं आवळली.

“मला पाजायला वाकलास तेवाच तुज्या तोंडाला मोहाचा वास येत होता,” तो म्हणाला. “डोळे गेले होते माजे. नाक नव्हतं गेलं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नायस?”

“काय बोलायचं? आता तू बोललास, मला दिसायला लागलं काय?” त्यानं माज्या बुडाखालची दोरी ओढली. “सरक. जाळ्यावर बसलायस.”